चांदीची रेघ

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर, उजव्या हाताला, एक यंत्र उभे असते. वीतभर उंच, काळेभोर, भरीव, आणि वजनाने दोन किलोच्या वर. एका इंग्रजी विज्ञानपटात अंतराळयानाचा कप्तान हातात जे संकेतयंत्र घेऊन परक्या ग्रहावर उतरतो, त्याची ही प्रतिकृती आहे. चित्रपटाचे नाव येथे देत नाही, कारण त्याच्या हक्कदारांशी माझा पत्रव्यवहार अद्याप चालू आहे आणि प्रलंबित प्रकरणावर जाहीर भाष्य करणे मी गैर समजतो. एवढे मात्र सांगतो की त्याच यंत्राची प्लॅस्टिकची नक्कल ते आता विकतात आणि खोक्यावर ‘अचूक व टिकाऊ’ असे ठळक अक्षरांत छापतात. मी ती मागवली. अकराव्या दिवशी ती टेबलावरून पडली आणि तिचे डोके निखळून कपाटाखाली गेले. मी सहा पानांचे पत्र लिहिले. उत्तर दोन ओळींचे आले, आणि त्या दोन ओळींत ‘टिकाऊ’ या शब्दाचा उल्लेखही नव्हता. तेव्हा ‘अचूक’ आणि ‘टिकाऊ’ हे दोन शब्द मी स्वतः कोणाकडून आणि कोणत्या किमतीला शिकलो, ते आता लिहून ठेवणे भाग आहे.

माझे वडील, ज्यांना घरात सारे भाऊ म्हणत, जिल्हा न्यायालयाच्या आवारात कडुनिंबाखाली पत्र्याची पेटी मांडून बसणारे अर्जनवीस होते. निजामाच्या अमलात ते उर्दूत अर्ज लिहीत, आणि त्यांचे अक्षर पाहून कोर्टाचे पेशकारसुद्धा कागद दोन वेळा उलटून पाहत, असे म्हणतात. पोलीस ॲक्शनने निजामाचे राज्य गेले आणि कचेरीची भाषा बदलली. भाऊ तिशीच्या वयात पुन्हा विद्यार्थी झाले, मराठी मसुदे शिकले, आणि आपला बोरू व दौत त्यांनी ट्रंकेत तळाशी ठेवून दिली. त्यांची एक पद्धत होती, जिच्यासाठी काही पक्षकार त्यांच्याकडे येत आणि काही त्यांच्याकडून उठून जात. माणूस समोर बसला की भाऊ आधी हकिकत ऐकत नसत. ते विचारत, “तुमची चूक किती?” आणि ती जी असेल ती अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहीत. “समोरचा ती सांगणारच आहे,” ते म्हणत, “आपण आधी सांगितली तर तिचं वजन कमी होतं.” मला ही पद्धत भित्रेपणाची वाटे. मी तेव्हा मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होतो आणि शहरातल्या प्रत्येक अन्यायाविरुद्ध माझे एक पत्र तरी पोस्टात पडलेले होते. नळाला पाणी कमी आले, पत्र. वाचनालयाने मासिक फाडून ठेवले, पत्र. आई भाकरी थापता थापता म्हणे, “ह्याला जेवायला वाढायचं तर आधी अर्ज करावा लागतो का काय, बघा.” तिच्या येसराच्या मसालेदार आमटीचा वास शेजारच्या चार घरांत जाई, आणि त्या वासावर बरोबर वेळेला सलीम येई.

सलीम माझ्या वर्गातला, शहागंजामागच्या आमच्या गल्लीला लागून असलेल्या गल्लीतला. त्याचे वडील रहमत उस्ताद बिदरीचे कारागीर. जस्तात थोडे तांबे घालून ओतलेल्या काळ्या भांड्यांवर चांदीची तार ठोकून वेलबुट्टी काढायची, हे त्यांचे काम. त्यांच्या हातोडीचा टकटक आवाज दिवसभर आमच्या घरात येई, इतका एकसारखा की तो थांबला की आई मान वर करून म्हणे, “उस्ताद जेवायला बसले.” शुक्रवारी सलीमकडे मटणाचा नान-खलिया असे आणि मी तेथे असे. आईला ते ठाऊक होते. त्या संध्याकाळी ती माझ्यापुरती भाकरी कमी टाकी आणि काही विचारत नसे, यालाच मी आजही मोठी न्यायबुद्धी समजतो.

त्या उन्हाळ्यात आमच्या थिएटरात तो चित्रपट रोज सकाळच्या खेळाला लागला आणि महिनाभर राहिला. पहिल्या दिवशी खेळ सुटून पानाच्या ठेल्यापर्यंत आल्यावर सलीम म्हणाला, “अपने को वो होना.” ते यंत्र, असे त्याला म्हणायचे होते, आणि मलाही तेच हवे होते. खेळण्यासारखे काहीतरी नको होते. तेच हवे होते. मग आम्ही अकरा वेळा तो चित्रपट पाहिला. कामाची वाटणी अशी की सलीमने फक्त मूठ पाहायची आणि मी फक्त डोके. मांडीवर वही, हातात पेन्सिल, डोळे पडद्यावर; अंधारात काढलेल्या त्या आकृत्या बाहेर येऊन पाहिल्या की कोंबडीने शाईत पाय बुडवून चालल्यासारख्या दिसत. मुठीवर कड्या तीन की चार, यावर आमचे दोन दिवस भांडण चालले. मापासाठी आम्ही कप्तानाचा अंगठा प्रमाण धरला: मूठ साडेतीन अंगठे, डोके दीड अंगठा. प्रवेशद्वाराजवळच्या काचेत चित्रपटाचे फोटो लावलेले असत. त्यांतील एकावर पट्टी ठेवू द्यावी, म्हणून मी मॅनेजरला तीन पत्रे लिहिली. तिसऱ्या पत्रानंतर तो स्वतः किल्ली घेऊन आला आणि म्हणाला, “माप घे बाबा, काय हवं ते घे. फक्त लिहू नकोस.”

सगळ्यात महत्त्वाचा पुरावा म्हणजे मध्यंतरानंतरचे एक दृश्य. कप्तान ते यंत्र एका पांढऱ्याशुभ्र टेबलावर उभे ठेवतो, आणि पाच-सहा सेकंद पडद्यावर दुसरे काहीच नसते. त्या दृश्यात यंत्राच्या माथ्यापासून तळापर्यंत एक बारीक, पांढरी, लखलखती रेघ दिसे. ती किंचित थरथरे. काचेतल्या फोटोत ती नव्हती. पण फोटो जुना असेल, यंत्र बंद असताना काढला असेल, असा युक्तिवाद मी केला. रेघ थरथरते, म्हणजे तिच्यातून शक्ती वाहते. पुढच्याच दृश्यात यान परत येते. यापेक्षा अधिक पुरावा कोणते न्यायालय मागेल?

उस्तादांनी आमचा आराखडा गुडघ्यावर ठेवून बराच वेळ पाहिला. उंच, सडपातळ माणूस, बोटांची टोके नवसागराने कायमची काळी पडलेली. ते मला वकील साब म्हणत, आणि त्यात थट्टा किती आणि आशा किती, हे मला कधी कळले नाही.

“ये तो हुक्के की नली है, वकील साब.”

“नाही उस्ताद, याने यान बोलावतात.”

“हौ. हुक्का पीने के बाद सबकू आते दिखता यान,” ते म्हणाले आणि सलीमची आई पडद्याआडून हसली.

परंतु त्यांनी काम घेतले, कारण त्यांना ते अवघड वाटले. मी त्याच दिवशी करारनामा तयार केला. पक्षकार क्रमांक एक मी, क्रमांक दोन उस्ताद, साक्षीदार सलीम. चौथे कलम असे होते: आकृतीबाबत मतभेद झाल्यास पक्षकार क्रमांक एक याने पडद्यावरून घेतलेला आराखडा अंतिम मानण्यात येईल. उस्तादांनी ते सलीमकडून ऐकून घेतले आणि उर्दूत झोकदार सही केली.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातील सर्वांत सुखाचे दिवस होते, हे मी शपथेवर सांगू शकतो. सकाळी सहाला सलीमच्या अंगणात हजर व्हायचे. वाळू आणि एरंडेल कालवून साचा दाबायचा. वितळलेला धातू साच्यात उतरताना श्वास रोखायचा. मग कानशी: आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, हातांना त्या करड्या भुकटीचा वास लागे आणि तो आईच्या आमटीतही जाणवे. पहिली ओतणी फसली, दुसरीत डोके वाकडे आले, तिसऱ्या वेळी उस्ताद “बिस्मिल्ला” म्हणाले आणि मीही म्हणालो. कड्या तीनच ठरल्या. सलीम बरोबर निघाला आणि त्याने ते मला आठवडाभर विसरू दिले नाही.

रेघेपाशी मात्र उस्ताद थांबले. त्यांनी मोरचूद चोळून धातू काळसर केला होता आणि त्यावर मी खडूने रेघ आखून दिली होती. त्यांनी छिन्नी खाली ठेवली.

“ये लकीर कोई कारीगर नहीं डालेंगा.”

“का?”

“देखो. घुंडी पर से जा रई, कड़ी पर से जा रई, जोड़ पर से बी जा रई. कारीगर का हाथ जोड़ पे रुकता. ये किसी पे रुकीच नहीं.”

“अब्बा, हमने आँखों से देखे,” सलीम म्हणाला. “ग्यारा बार.”

“तुमने पर्दा देखे. चीज़ किसने देखी?”

पण माझ्यापाशी करारनामा होता. मी तो खिशातून काढला आणि चौथे कलम वाचून दाखवले. उस्तादांनी माझ्याकडे पाहिले, रागाने मुळीच नव्हे, आणि म्हणाले, “काग़ज़ में लिखा है तो ठीक है.” मग त्यांनी चर कोरला, चांदीची तार घातली, आणि एका सकाळीत ती रेघ माथ्यापासून तळापर्यंत ठोकून बसवली. शेवटी यंत्र तापवून, बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर लावून चोळले, तशी सारी काया काळी झाली आणि ती एक रेघ तेवढी पांढरी राहिली. मी आनंदाने नाचलो. टिकाऊपणाची चाचणी म्हणून सलीमने ते आमच्या माळवदावरून खाली टाकले. अंगणातली फरशी फुटली. यंत्रावर ओरखडाही नव्हता. आईने ते उचलून हातात तोलले, म्हणाली, “लई चांगलं झालंय, शेंगदाणे कुटायला,” आणि खरोखर त्या दुपारी कुटले.

थिएटरच्या मॅनेजरने ते पाहिले तेव्हा त्याची धंद्याची बुद्धी जागी झाली. चित्रपटाचा शेवटचा आठवडा होता. त्याने फोटोंच्या काचेत मखमल अंथरून यंत्र उभे केले आणि खाली पाटी लावली: ‘कप्तानाचे यंत्र, हुबेहूब. कारागीर: उस्ताद रहमत, शहागंज.’ पहिल्याच सकाळी काचेपुढे गर्दी झाली. सलीम आणि मी लग्नातल्या यजमानांसारखे बाजूला उभे होतो. तेवढ्यात वरच्या केबिनमधून ऑपरेटर बाबूराव विडी विझवत खाली आला. त्याने काचेला नाक लावले, पाहिले, पुन्हा पाहिले, आणि पोट धरून खाली बसला.

“अरं पोरांनो,” तो हसता हसता म्हणाला, “ही तर माझी रेघ हाय!”

तो आम्हाला वर घेऊन गेला. रीळ उलगडून त्याने फीत दिव्यासमोर धरली. नखाएवढ्या एकेका चौकटीत ते यंत्र उभे होते, आणि ती रेघ यंत्रापाशी थांबत नव्हती. ती एका चौकटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, दहा-बारा हात फितीवरून सरळ खाली गेली होती. पहिल्या खेळाला मशिनीत खडा अडकला आणि फीत खरडली गेली, एवढेच घडले होते. पांढऱ्या टेबलावर पांढरी रेघ दिसत नसे, काळ्या यंत्रावर तेवढी दिसे. पुढचे सारे दृश्य धुराचे. त्यात ती हरवून जाई. सलीमने माझ्याकडे पाहिले नाही.

दुपारपर्यंत गल्लीला कळले. कोपऱ्यावरचा सायकलवाला ओरडला, “उस्ताद, पिक्चर की खराश पे चाँदी चढ़ाए क्या!” कोणी विचारले, आता थिएटरच्या पडद्याला पडलेले भोकही मढवून देणार का. त्या दुपारी हातोडीचा आवाज आला नाही. आईने दोनदा मान वर केली. संध्याकाळी मी गेलो तेव्हा उस्ताद ओट्यावर बसले होते. ते मला रागावले असते तर मला बरे वाटले असते. ते म्हणाले, “चीज़ रहने दो वहाँ. मेरा नाम निकाल दो. बाप-दादा से आज तक कोई नई बोला के लकीर ग़लत है. नाम नक्को.” सलीम आत होता आणि बाहेर आला नाही.

मी घरी आलो आणि माझ्या स्वभावानुसार पत्र लिहायला बसलो. थिएटरच्या मालकाला. सदोष यंत्रसामग्रीद्वारे प्रेक्षकांची दिशाभूल, त्यामुळे एका प्रतिष्ठित कारागिराची झालेली मानहानी, लेखी माफीची मागणी. चार पाने. त्यात एक वाक्य असे होते की ते आजही मला तोंडपाठ आहे आणि आजही मला त्याचा अभिमान आहे. भाऊंनी चष्मा लावून चारही पाने वाचली.

“मसुदा चांगलाय. भाषा कडक आहे,” ते म्हणाले. “तुझी चूक कुठं लिहिलीस?”

“माझी? खडा त्यांच्या मशिनीत होता!”

“मशिनीनं फीत खरडली. यंत्र कोणी खरडलं?”

मी मग करारनामा त्यांच्यापुढे ठेवला. चौथ्या कलमावर त्यांचे बोट थांबले. “ज्याच्या हातात काम, त्यालाच बोलता येऊ नये, असा कागद मी आजवर कोणाला लिहून दिला नाही,” ते म्हणाले. “निजामाच्या राज्यात नाही, त्यानंतरही नाही. माझ्या घरात लिहिला गेला.”

मी चार पाने फाडली. नंतर जे लिहिले ते अर्ध्या पानाचे होते. ते असे: ‘खाली सही करणार असे लिहून देतो की या यंत्रावरील चांदीची रेघ मूळ यंत्रावर नाही. ती चित्रपटाच्या फितीवरचा ओरखडा आहे. कारागीर उस्ताद रहमत यांनी ही रेघ चुकीची असल्याचे काम सुरू असतानाच सकारण सांगितले होते. मी ऐकले नाही आणि कागदाचा आधार घेऊन त्यांना गप्प केले. चूक पाहणाऱ्याची आहे, करणाऱ्याची नाही. बाकी सारे माप बरोबर आहे.’ आयुष्यभरात मी हजारो पत्रे लिहिली असतील, काहींनी अधिकाऱ्यांच्या बदल्याही झाल्या. परंतु स्वतःविरुद्ध लिहिलेले ते माझे पहिलेच पत्र, आणि खेदाने नमूद करतो की त्या पंथातली पुढली पत्रे फार थोडी आहेत.

भाऊंनी ते वाचून विचारले, “उस्तादांना मराठी वाचता येतं?”

“नाही.”

“मग हे त्यांच्यासाठी की गल्लीसाठी?” आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता ते आईला म्हणाले, “ती ट्रंक काढ जरा.”

“पंचवीस वर्षांनी!” आई म्हणाली. “शाई वाळून दगड झाली असंल.” दगडच झाली होती. आईने चुलीवरचे गरम पाणी घालून ती भिजवली. भाऊंनी बोरूचे टोक कापले, त्याचा तो करकर आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला, आणि मग तोच मजकूर ते उर्दूत, उजवीकडून डावीकडे, लिहू लागले. मी त्यांचे मराठी अक्षर रोज पाहत होतो. ते नीट, सावध, परक्याच्या घरी बसल्यासारखे होते. हे अक्षर मात्र आपल्या घरात फिरत होते. एका ओळीनंतर ते थांबले, कागद दूर धरून पाहिला, आणि स्वतःशीच हसले. आईने कमरेवर हात ठेवून ते पाहिले आणि म्हणाली, “बघा. आता हे बी रोज पत्रं लिहिणार.”

सकाळी दोन्ही कागद शेजारी शेजारी काचेत लागले; नावाची पाटी मात्र उस्तादांनी कागद वाचेपर्यंत राहू द्यावी, असे भाऊ म्हणाले. मॅनेजरने कपाळावर हात मारला, पण दुपारच्या आत त्याला कळले की लोक यंत्र पाहायला येत होतेच, ते आता रेघ पाहायला येऊ लागले. ज्यांनी चित्रपट पाहिला होता ते पुन्हा आत गेले. ते दृश्य आले की थिएटर एका सुरात ओरडे, “रेघ! रेघ!” आणि शिट्ट्या. बाबूराव केबिनच्या खिडकीतून हात हलवी. त्याने आम्हाला चहा पाजला आणि आपल्या ओरखड्याला चांदीत मढवणारे हे देशातील पहिलेच लोक, असे येईल त्याला सांगितले. सायकलवाल्याने सलीमला हाक मारून विचारले, “तेरे अब्बा सायकल की घंटी पे तार डालेंगे क्या?” यावेळी तो खरेच विचारत होता. सलीम त्या संध्याकाळी येसराच्या वासावर बरोबर वेळेला आमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “कड़ियाँ तीनच थीं, याद है ना?”

अलीकडे त्या चित्रपटाची धुऊन पुसून साफ केलेली नवी आवृत्ती निघाली. मी ती मागवून पाहिली. त्या दृश्यात यंत्र काळेभोर, निर्मळ, एकही रेघ नाही. ती तेथे कधीच नव्हती हे मला ठाऊक आहे, आमच्या थिएटरातल्या एका फितीवर होती हेही ठाऊक आहे. तरीही मला संताप आला आणि मी पत्र लिहिले. त्यांनी कळवले की सर्व दोष काळजीपूर्वक काढून टाकले आहेत. हे वाक्य त्यांना अभिमानास्पद वाटते, याचेच मला नवल वाटते. त्याचे उत्तर मी तयार करीत आहे. पहिल्या परिच्छेदात माझी चूक लिहिली आहे.

त्या उन्हाळ्यात, चित्रपटाच्या शेवटच्या रविवारी, उस्ताद आले. जन्मात थिएटरात पाऊल न टाकलेला माणूस, इस्त्रीची शेरवानी घालून, सोबत भाऊ. काचेपुढे ते उभे राहिले आणि भाऊंचा कागद ओठ हलवत वाचला, सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत. ते माझ्याशी काहीच बोलले नाहीत. भाऊंना म्हणाले, “अर्जनवीस साब, ख़त बहुत साफ़ है,” आणि खाली स्वतःचे नाव असलेली पाटी थोडी वाकडी झाली होती ती बोटाने सरळ केली. आत सलीम धरून आम्ही चौघे एका रांगेत बसलो. यान उडाले, ग्रह दिसले, उस्ताद पापणी न हलवता पाहत होते आणि मधूनच कप्तानाच्या हातातल्या यंत्राकडे बोट करून विचारत होते, “ये कब बोलेंगा?” मध्यंतरानंतर ते दृश्य आले. टेबल, यंत्र, रेघ. थिएटर उसळले. उस्ताद खुर्चीतून अर्धे उठले, एक डोळा मिटला, भांड्यावरची तार तपासताना मिटत तसा, आणि पडद्याकडे रोखून पाहिले. मग खाली बसले आणि त्या सगळ्या शिट्ट्यांत माझ्या कानाशी वाकून म्हणाले,

“पर्दे की टेढ़ी है, वकील साब. अपनी सीधी है.”